तशी मी बौद्धच

हल्ली बुद्ध कुठे भेटेल याचा नेम राहिलेला नाही. सोसायटीच्या लॉबीत तो मनीप्लांटशेजारी असतो, ब्यूटी पार्लरच्या काउंटरवर असतो, थाई जेवणाच्या हॉटेलात कारंज्याखाली भिजत बसलेला असतो. दातांच्या दवाखान्यात तर हटकून असतो. आतून ड्रिलचा आवाज येत असताना चेहऱ्यावरची रेषही न हलवणारा त्या खोलीतला तो एकटाच. बऱ्याच ठिकाणी नुसतं डोकंच असतं, फायबरचं, मागून पिवळा दिवा सोडलेलं. ऐंशीव्या वर्षापर्यंत जो माणूस पायी हिंडला, त्याचे पाय तेवढे आपण काढून टाकले.

ज्यांच्या दिवाणखान्यात असा बुद्ध असतो, त्यांच्या तोंडी एक वाक्यही असतं. चहा झाल्यावर आणि दुसरी खारी उचलण्याआधी ते येतं. "तशी मी बौद्धच, बरं का!" मग कळतं की बाईंना कर्मकांड पटत नाही, देवळातल्या रांगेत उभं राहवत नाही, आणि ध्यान सुरू केल्यापासून बीपीची गोळी अर्ध्यावर आली आहे. गणपती मात्र दीड दिवसाचा बसतो, मुलांना आवडतो म्हणून. मुलं न्यू जर्सीला असतात.

मी हसते आहे खरी, पण कागदावर बघितलं तर माझी पात्रता या सगळ्यांपेक्षा जास्त भरेल. मी इगतपुरीला विपश्यनेच्या शिबिराला जाऊन आले आहे. धम्मगिरीवर पहाटे चारला घंटा होते. दहा दिवस बोलायचं नाही, शेजारणीकडे बघून हसायचंसुद्धा नाही. फोन, पुस्तक, वही-पेन सगळं पहिल्याच दिवशी जमा. अकराला जेवण आणि पाचला चहा, मुरमुरे, एखादं फळ, की दिवसाचं खाणं संपलं. त्या मुरमुऱ्यांवर माझं चित्त जसं एकाग्र झालं तसं श्वासावर काही केल्या होईना. वाटीतला शेवटचा दाणा मी बोटाच्या टोकाला चिकटवून खात असे आणि समोरच्या बाकावरची एक अत्यंत सुसंस्कृत दिसणारी बाईही तेच करत असे. आर्यमौन असल्यामुळे दोघींची अब्रू राहिली. ध्यानाला बसल्यावर गुडघ्यात कळ उठते. ध्वनिमुद्रित आवाजात गोएंका गुरुजी सांगत असतात की हीसुद्धा बदलणारी आहे. आणि बदलतेही. दुसऱ्या गुडघ्यात जाते.

हे गोएंका मूळचे मंडालेचे, ब्रह्मदेशातल्या मारवाडी व्यापारी घरातले. अर्धशिशीवर उपाय शोधत ते सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, आणि हे सयाजी तिथल्या सरकारचे अकाउंटंट जनरल होते. मुक्तीचा रस्ता हिशेब खात्यातून जातो, ही गोष्ट बँकेत उभं आयुष्य काढलेल्या बाईला किती धीराची वाटते ते सांगून कळायचं नाही. १९६९ पासून गोएंका भारतात शिबिरं घेऊ लागले आणि शेवटपर्यंत सांगत राहिले की बुद्धाने पंथ काढला नाही, विद्या दिली, ती कोणीही घ्यावी. जैन येतात, मुसलमान येतात, ख्रिस्ती नन्स येतात. दहा दिवस मनाची सालं काढून झाल्यावरही 'आता तुम्ही कोण?' असं तिथे कोणी विचारत नाही.

तो प्रश्न घरी आल्यावर नणंदेने विचारला.

"म्हणजे वहिनी, आता तुम्ही बौद्ध का? मग नवरात्रात घट बसणार की नाही?"

तिचा प्रश्न व्यवस्थेचा होता. घट आमच्याकडे बसले नाहीत तर तिच्याकडे बसणार आणि नऊ दिवसांचा नैवेद्य तिच्या गळ्यात पडणार. घट बसतील असं मी सांगितल्यावर ती मोकळी झाली आणि मग आत्मा, पुनर्जन्म आणि देव या किरकोळ बाबींकडे वळली. मी तिन्हींवर "माहीत नाही" म्हटलं. "माहीत नाही? मग दहा दिवस केलंत काय?" आमचे यजमान, जे स्वतःला नास्तिक म्हणवतात, ते या वेळी पेपरात डोकं घालून बसले होते. नव्या गाडीला लिंबू-मिरची कोणी बांधली यावरही ते आजतागायत काही बोललेले नाहीत.

नणंदेच्या वळणाचा एक भिक्खू बुद्धाच्या संघात होता, मालुंक्यपुत्त. त्याची हकिगत मज्झिम निकायात आहे. एकान्तात बसल्या बसल्या त्याचं डोकं तापलं. जग शाश्वत आहे की नाही, त्याला अंत आहे की नाही, जीव आणि शरीर एकच की वेगळं, तथागत मेल्यावर असतो, नसतो, असतो आणि नसतोही, की दोन्ही नाही? उठला आणि थेट बुद्धापुढे जाऊन निर्वाणीचं बोलला: ठाऊक असेल तर सांगा, नसेल तर सरळ नाही म्हणा, नाहीतर मी चाललो भिक्षुपद सोडून. ऑफिसात अशी एक राजीनाम्याची धमकी दर तिमाहीला ठरलेली असते. बुद्धानेही मुरलेल्या साहेबासारखंच विचारलं, "हे सगळं सांगेन असं कबूल करून मी तुला घेतलं होतं का?" मालुंक्यपुत्ताला नाही म्हणावं लागलं.

मग ती बाणाची गोष्ट येते. माणसाला विषारी बाण लागला आहे, नातेवाईक वैद्याला घेऊन आले आहेत, आणि हा पडल्या पडल्या म्हणतो, थांबा, आधी बाण मारणारा कोण ते कळू दे. गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. पण जखमी माणसाची प्रश्नावली मुळातून वाचण्यासारखी आहे. उंच होता की बुटका? काळा की गोरा? गाव कुठलं? धनुष्याची दोरी कशाची? बाणाला पिसं गिधाडाची की बगळ्याची? आणि या सगळ्याच्या आधी, यादीत अगदी पहिला प्रश्न: मारणारा क्षत्रिय, ब्राह्मण, वैश्य की शूद्र? छातीत बाण घुसलेला आहे आणि चौकशी जातीची चालली आहे. अडीच हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसाला आपल्याकडचा कुठलाही फॉर्म भरायला दिला असता तर तो न अडखळता भरून मोकळा झाला असता.

माझ्या 'माहीत नाही'ला याहून मोठा आधार कालाम लोकांच्या गोष्टीत सापडतो. केसपुत्त नावाच्या गावी हे लोक राहत. गाव रस्त्यावरचं असावं, कारण दर थोड्या दिवसांनी कोणीतरी साधू-संन्यासी यायचा, आपलं मत किती थोर ते सांगायचा, बाकीच्यांच्या मतांची सालटी काढायचा आणि पुढे जायचा. मग दुसरा येऊन पहिल्याची काढायचा. गाव बिचारं गोंधळून गेलेलं. बुद्ध आल्यावर त्यांनी हे गाऱ्हाणं घातलं, तर तो म्हणाला की शंका येण्यासारखीच गोष्ट आहे, आली हे बरोबरच झालं. परंपरेने आलं, ग्रंथात आहे, गुरू म्हणतो म्हणून मानू नका, स्वतः पारखा, हा भाग सुविचाराच्या पाटीवर असतो. पाटीवर न मावणारा शेवट मला जास्त आवडतो. नीट वागणाऱ्याला चार दिलासे मिळतात, असं तिथे सांगितलं आहे. परलोक आणि कर्माचं फळ असेल, तर उत्तमच, चांगली गती मिळेल. नसेल, तर निदान या जन्मात कोणाशी वैर न करता सुखाने राहिलो. पाप्याला पापाचं फळ मिळत असेल, तर मी पाप केलेलंच नाही. मिळत नसेल, तरी दोन्ही बाजूंनी मी स्वच्छच. हा हिशेब कुठल्याही ऑडिटरने डोळे मिटून सही करावी असा आहे. परलोक आहे की नाही हा रकाना रिकामा ठेवूनही ताळेबंद जुळतो.

आपल्याकडे असं रकाना रिकामा ठेवून जगलेला एक माणूस होऊन गेला, धर्मानंद कोसंबी. जन्म १८७६ चा, गोव्यातल्या सांखवाळचा, गौड सारस्वत घरात. बुद्धाची ओळख कशी झाली? 'बालबोधमेवा' नावाच्या मासिकातून, आणि ते मासिक चालवत होते ख्रिस्ती मिशनरी. हिंदू मुलाला ख्रिस्ती मासिकात बुद्ध भेटला. तो बुद्ध आहे कुठे हे शोधायला हा गृहस्थ घर, बायको, तान्ही मुलगी सोडून निघाला. पुणे, काशी, तिथून नेपाळ, नेपाळात निराशा, मग सिंहलद्वीप, जिथे तो भिक्षू झाला, मग ब्रह्मदेश. पुढे चीवर उतरवून पुन्हा संसारात आला. हार्वर्डला 'विसुद्धिमग्ग' संपादायला गेला, फर्ग्युसनमध्ये पाली शिकवली, रशिया पाहून आला, मिठाच्या सत्याग्रहात पडला, परळच्या गिरणगावात बहुजनविहार उभारला. आयुष्याच्या शेवटी ओढ लागली पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माची. १९४७ च्या जूनमध्ये सेवाग्रामला, गांधींच्या आश्रमात, जैन सल्लेखनेच्या वाटेने अन्न सोडून त्याने देह ठेवला. आता याला कुठल्या रकान्यात बसवता? तरी मराठी वाचकाला घरबसल्या बुद्ध आणून दिला तो याच माणसाने, आणि त्यासाठी अर्धा आशिया पालथा घातला. बायकोने मागे काय पालथं घातलं असेल, हा वेगळा विषय आहे. मला कोसंबी वाचताना तो दर पानावर आठवतो.

इथवर आलं की दिवाणखान्यातली मंडळी समाधानाने मान डोलावतात. बघा, म्हणजे शिक्क्यात काही नाही. बौद्ध काय, हिंदू काय, शेवटी सगळं एकच.

हे बोलणं आमच्या बँकेत एकदा डबा खाताना निघालं होतं. एक सहकारी माझ्या मैत्रिणीला प्रेमाने म्हणाली, "अगं, तशी मीपण बौद्धच." मैत्रीण नागपूरची. तिने वांग्याच्या भाजीतला देठ काढून बाजूला ठेवला आणि विचारलं, "हो का? दाखल्यावर काय आहे?"

सहकारी हसली. तिला वाटलं विनोद आहे.

तर दाखल्यावर काय असतं? १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बाबासाहेबांनी भिक्खू चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि मग समोरच्या लाखो लोकांना स्वतः दिली. १९५१ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या आजच्या भूभागात बौद्ध होते अडीच हजारांच्या आसपास. १९६१ ला ते सुमारे अठ्ठावीस लाख झाले. दहा वर्षांत एका रकान्यात एवढी माणसं पायी चालत आली. आणि आल्या आल्या त्यांना कळलं की या रकान्यात पाऊल टाकलं तर दुसऱ्या रकान्यातून नाव जातं, कारण १९५० च्या आदेशाप्रमाणे अनुसूचित जातीचा माणूस हिंदू किंवा शीखच असावा लागे. राज्याने आपल्यापुरत्या सवलती पुढे दिल्या, पण केंद्राने बौद्धांना त्या यादीत घेतलं ते १९९० साली. मधली चौतीस वर्षं कितीतरी घरांत मुलांची दोन-दोन उत्तरं होती. घरी बौद्ध, कागदावर हिंदू महार. दाखला वाचणारा कारकून वर बघून 'नेमकं काय?' असं विचारायचा तेव्हा गंमत नसायची. आजही कागदोपत्री त्यांना 'नवबौद्ध' म्हटलेलं सापडतं. सत्तर वर्षं होत आली, माणूस नवा किती दिवस राहणार? आमच्या सोसायटीत तेवढ्या काळात तीन पुनर्विकास झाले असते.

आणि 'सगळं एकच' म्हणजे काय, तेही जरा बघायला हवं. माझी आजी म्हणायची, "बुद्ध? तो तर आपलाच, नववा अवतार." तिच्या जुन्या पंचांगावर दशावतारांची चित्रं होती आणि नवव्या जागी चक्क विठ्ठल-रखुमाई उभे होते. आजीच्या मनात वाईट काही नव्हतं. आलेल्या पाहुण्याला आधी पाट द्यावा तसा तिने बुद्धाला अवतार देऊन टाकला होता. पण त्या पाटावर बसायला बोलावलेल्यांना पूर्वी ओसरीवरही चढू दिलं नव्हतं, हे आजीच्या पंचांगात कुठे नव्हतं. म्हणून दीक्षेच्या बावीस प्रतिज्ञांमध्ये एक आहे की बुद्ध हा विष्णूचा अवतार नव्हे. गंमत अशी की याच बाबासाहेबांनी १९५४ च्या नाताळात देहूरोडला सांगितलं होतं की पंढरपूरचा विठ्ठल हा मुळात बुद्धच, आणि हे आपण सिद्ध करणार आहोत. म्हणजे 'सगळं एकच' त्यांच्याकडेही निघतं, फक्त पाहुणा कोण आणि यजमान कोण हे उलटं होतं. हे आजीला सांगायला हवं होतं. तिने पदर तोंडाला लावून बराच वेळ विचार केला असता.

शिक्का पक्का म्हणजे डोक्यातले प्रश्न संपले, असा आपला एक गोड समज असतो. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाची प्रस्तावना उघडावी. बाबासाहेब पहिल्याच फटक्याला विचारतात की म्हातारा, रोगी आणि प्रेत बघून सिद्धार्थ घर सोडून गेला म्हणतात, तर एकोणतीस वर्षांच्या माणसाने तोपर्यंत एकही म्हातारा पाहिला नव्हता का? शाळेत हा धडा शिकताना वर्गातल्या निम्म्या मुलांच्या मनात हेच आलेलं असतं, कोणी बोलत नाही. बाबासाहेबांनी त्या जागी रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला तंटा घातला. पाणीवाटपापायी घर सोडावं लागणं हे कारण आपल्या राज्यात कोणालाही लगेच पटेल. पुढे ते चार आर्यसत्यांना हात घालतात. आत्मा नाही म्हणता, मग पुनर्जन्म कोणाचा? भिक्खू हा स्वतःपुरता पूर्ण माणूस की समाजाचा सेवक? एवढे प्रश्न विचारणारा आणि दीक्षा घेणारा माणूस एकच आहे. ग्रंथ हाती पडला तो ते गेल्यावर, १९५७ मध्ये.

मैत्रिणीच्या नागपूरच्या घरी मी विजयादशमीला गेले आहे. दीक्षाभूमीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर त्या दिवशी पांढऱ्या साड्यांचा पूर असतो. जागोजागी मंडप टाकून लोक येणाऱ्याला जेवू घालतात, आणि पुस्तकांच्या दुकानांपुढे भाजीबाजारासारखी गर्दी असते. डोक्यावर बोचकं घेतलेली म्हातारी 'ही चोपडी केवढ्याले?' म्हणून घासाघीस करते आणि तीन घेऊन जाते. वाचायला येतं का विचारलं तर म्हणते, नातीला येतं.

मैत्रिणीची आई छप्पनच्या त्या मैदानात होती, दहा-अकरा वर्षांची. तिला भाषण आठवत नाही. धूळ आठवते, आणि बापाने घरी आल्यावर देव्हाऱ्यातले देव टोपलीत भरून नदीला नेले ते आठवतं. तिच्या आजीने मात्र मरीमायचा शेंदूर लावलेला एक गोटा ज्वारीच्या कोठीत तळाशी दडवला होता. काही वर्षांनी कोठी रिकामी झाली तेव्हा तो सापडला. "मग?" मी विचारलं. "मग काय? बाबानं पाह्यला, परत ठेवून देल्ला. म्हणे, राहू दे, म्हातारीची भीती हाय ते. तिच्यासंगं जाईल." आजी मरेपर्यंत जयभीम घालत होती, वंदना म्हणत होती, आणि ज्वारी काढताना कोणाला कोठीत खोल हात घालू देत नव्हती.

मरणानंतर काय होतं, हे मी त्या आईला स्वयंपाकघरात विचारून घेतलं. इगतपुरीला न मिळालेलं उत्तर तिथे मिळेल अशी आशा होती. ती वैशाखी पौर्णिमेसारखीच खीर ढवळत होती. "मले काय मालूम बाई? मी काय जाऊन आली?" एवढं म्हणून तिने वेलची कुटायला माझ्याकडे दिली. कालामांपैकी एखादीच ती.

पण धर्माच्या रकान्याबद्दल तिला विचारून पाहा. आधीच्या जनगणनांच्या वेळी ती दिवसभर घराबाहेर पडलेली नाही. मास्तर आला की त्याच्यासमोर स्टूल ओढून बसायची आणि बौद्धाचा पाच आकडा घातला का ते स्वतः वाकून बघायची. पेन्सिलीने लिहू द्यायची नाही. आता २०२७ ची जनगणना मोबाईलवर होणार आहे, हे मुलीने सांगितल्यापासून ती बेचैन आहे. मोबाईलमध्ये घातलेलं पुसून कोणी दुसरं घातलं तर? मुलीने ॲप, सर्व्हर वगैरे समजावून पाहिलं. "मले सर्वर नोको सांगू. बटण दाबते वेळी मी पाह्यीन. चष्मा नवा करून ठेव."

मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्ही काय सांगता बाई, तो आल्यावर?"

मी म्हटलं, अजून ठरलं नाही. खरं सांगायचं तर मला स्वतःलाच नक्की माहीत नाही, आणि माहीत नसलेलंच बरं वाटतं.

"मंग आत्ताच ठरवून ठेवा," ती म्हणाली. "तुमचा विचार होईस्तोवर तो दारात उभा नाई राह्यत. त्याले पुढची घरं असतात."